साधं सरळ प्रकरण

दिवाळी अंकासाठी काहीतरी गोड लिहा, असे संपादकांचे पत्र दरवर्षी येते आणि दरवर्षी मी चकलीवर लिहून मोकळा होतो. यंदा चकली नाही आणि अनारसाही नाही. यंदा मी मृत्युपत्रावर लिहिणार आहे. सणासुदीला हा कसला विषय काढला, असे म्हणून पान उलटू नका. घरातली चार माणसे एकत्र जमतात ती दिवाळीतच, आणि ज्या कपाटात फराळाचे जादा डबे असतात त्याच कपाटाच्या वरच्या खणात असले कागदही असतात. निदान आमच्याकडे होते.

आमचे अण्णा २०१६ च्या जूनमध्ये गेले. वय सत्त्याऐंशी. रेल्वेच्या हिशेब खात्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळे जातानाही हिशेब चोख ठेवून गेले, असे आम्ही तेराव्या दिवशी कौतुकाने बोललो. कपाटाच्या वरच्या खणात एक खाकी पाकीट होते. त्यात १९९८ साली स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्र, खाली सही, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि एक्झिक्युटर म्हणून माझे नाव. इस्टेट म्हणावी तर दादरचे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बँकेत तीन मुदतठेवी, एक बचत खाते आणि फार वर्षांपूर्वी घेतलेले दोन कंपन्यांचे थोडे शेअर्स, तेही कागदी. कर्ज एका पैशाचे नाही. आई २००९ सालीच गेलेली. मुले दोन, मी आणि माझी मोठी बहीण. कुणाचे कुणाशी भांडण नाही.

"अहो, अगदी साधं सरळ प्रकरण आहे तुमचं!" हे वाक्य मी त्या वर्षात किती जणांच्या तोंडून ऐकले त्याची गणती नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, बँकेतले अधिकारी म्हणाले, साडूंचे एक स्नेही म्हणाले. आणि ज्याने ज्याने ते म्हटले त्याने पुढच्याच वाक्यात मला एक नवा कागद आणायला सांगितला.

सेक्रेटरींचे म्हणणे असे, की अण्णांनी सोसायटीत माझे नॉमिनेशन केलेले आहे, तेव्हा सभासद म्हणून माझे नाव लावायला हरकत नाही. पण मालकी म्हणाल तर प्रोबेट आणा. मला वाटत होते, नॉमिनी म्हणजेच मालक. तुम्हालाही तसेच वाटत असेल, तर तो समज आजच काढून टाका. नॉमिनी हा सामान सांभाळणारा माणूस. आगगाडीत शेजाऱ्याला "जरा बॅगेकडे बघा हो" म्हणून आपण पाणी आणायला उतरतो, म्हणून काही बॅग त्याची होत नाही. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली हेच सांगितले आणि शेअर्सच्या बाबतीत २०२३ साली पुन्हा सांगितले. पैसे नॉमिनीच्या हाती पडतात, पण ते वारसांचे किंवा मृत्युपत्रात ज्याचे नाव असेल त्याचे.

आणि हे प्रोबेट म्हणजे काय? तर कोर्टाने तपासून, शिक्का मारून दिलेला निर्वाळा, की हे मृत्युपत्र खरे आहे आणि या एक्झिक्युटरला त्याप्रमाणे कारभार करण्याचा अधिकार आहे. मौज अशी, की ही सक्ती सगळ्या हिंदूंना नव्हतीच. १ सप्टेंबर १८७० पासून इंग्रजांनी ती आणली ती बंगाल प्रांतात आणि मद्रास व मुंबई या शहरांत. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात तीच कलमे पुढे चालू राहिली. म्हणजे अण्णांनी तोच कागद पुण्यात बसून लिहिला असता आणि घरही पुण्यातच असते, तर मला कोर्टाची पायरी चढण्याची सक्ती झाली नसती. घर दादरला, कागद दादरला. तेव्हा आले प्रोबेट.

मी एका वकिलांकडे गेलो. वातानुकूलित खोली, काचेचे टेबल, टेबलावर काही नाही. ज्याच्या टेबलावर काही नसते तो माणूस महाग असतो, हे मला आता कळले आहे. त्यांनी कागद चाळले, "साधं सरळ प्रकरण आहे" म्हणाले आणि इस्टेटीच्या बाजारभावाचे काही टक्के अशी आपली फी सांगितली. मी मनातल्या मनात गुणाकार केला. निवृत्त माणसाचा गुणाकार फार जलद असतो. "विचार करून कळवतो" असे म्हणून मी जिना उतरलो आणि घरी येऊन हिला आकडा सांगितला. ही म्हणाली, "त्यापेक्षा तळमजल्यावरच्या नानांना का विचारत नाही? जन्मभर तेच करत होते ना ते?"

नाना म्हणजे आमच्या इमारतीतले सर्वांत जुने बिऱ्हाड. फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या पेढीत चाळीस वर्षे कारकून होते. सनद नाही, पदवी नाही. पण कोर्टाच्या कोणत्या खिडकीवर कोणता कागद चालतो हे त्यांना जेवढे ठाऊक, तेवढे काचेच्या टेबलामागच्या माणसालाही नसावे. मी पाकीट घेऊन खाली गेलो. नानांनी चष्मा पुसला, मृत्युपत्र दोनदा वाचले आणि "साधं सरळ प्रकरण" असे म्हटले नाही. ते म्हणाले, "साक्षीदार जिवंत आहेत का रे?"

मला उत्तर देता येईना. नानांनी एका जुन्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर यादी करायला घेतली. मृत्यूचा दाखला. मूळ मृत्युपत्र, कारण ते कोर्टात जमा होते आणि परत मिळत नाही. मृत्युपत्र मराठीत, म्हणून त्याचे कोर्टाच्या भाषांतरकाराकडून इंग्रजी भाषांतर. मालमत्तेची यादी, किमतीसह. देणी आणि अंत्यसंस्काराचा खर्च यांची वेगळी यादी. निदान एका साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र, की मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यादेखत सही केली. आणि वारसांची संमती.

"वकील मात्र लागेल," नाना म्हणाले, "पण टक्क्यावर नको. सरळ प्रकरणात काम तेवढंच असतं, घर दादरला असो की दहिसरला. ठोक आकडा विचार. कोर्टाचा स्टँप त्याच्या आकड्यात आहे की वेगळा, ते विचार. साक्षीदाराकडे कोण जाणार आणि भाषांतराच्या मागे कोण लागणार, तेही विचार. आणि सगळं लिहून घे."

कोर्टाच्या स्टँपला त्या वेळी वरची मर्यादा पंचाहत्तर हजार रुपये होती. दादरचे घर म्हटल्यावर ती गाठायला वेळ लागत नाही. पण निदान त्यापुढे जात नाही, हे समाधान. नानांच्या ओळखीने एक तरुण वकीलबाई मिळाल्या. एका पोटमाळ्यावर त्यांची कचेरी. टेबलावर इतके कागद की चहाचा कप कुठे ठेवावा हा प्रश्न. त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या दीड महिन्याच्या निवृत्तिवेतनाएवढा होता. मी तिथल्या तिथे होकार दिला.

पहिली पंचाईत अण्णांनीच करून ठेवली होती. कागदोपत्री ते तीन निघाले. मृत्यूच्या दाखल्यावर 'रामचंद्र', सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नुसती आद्याक्षरे आणि बँकेत 'राम'. शिवाय इंग्रजीत आमच्या आडनावाची दोन रूपे. जो माणूस सत्त्याऐंशी वर्षे एकाच टोपीत वावरला तो एकच होता, हे मला शपथेवर लिहून द्यावे लागले. वाचकहो, हातातला अंक वाचून झाला की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची नावे पासबुकावर, आधार कार्डावर आणि घराच्या कागदावर एकसारखी आहेत का, एवढे पाहाच. ते जिवंत असताना ही दुरुस्ती एका अर्जावर होते.

दुसरी पंचाईत साक्षीदारांची. एक सही आमच्या जुन्या डॉक्टरांची. ते तर अण्णांच्या आधी सहा वर्षे गेले. दुसरी सही वाचताच येईना. नुसते फराटे. अखेर अण्णांच्या निवृत्तीच्या समारंभाचा फोटो काढून, मागे लिहिलेली नावे एकेक जुळवत आम्ही ठरवले, की हे त्यांच्या कचेरीतले मित्र असणार. ते निवृत्त होऊन सांगलीला मुलाकडे राहायला गेल्याचे कळले. वय चौऱ्याऐंशी. "आजच्या आज फोन कर," नाना म्हणाले. "चौऱ्याऐंशीचा साक्षीदार म्हणजे उन्हातला बर्फ."

आणि तिसरी गोष्ट, जिला मी पंचाईत म्हणत नव्हतो, ती म्हणजे ताईची संमती.

वकीलबाईंनी ताईच्या नावाचे प्रतिज्ञापत्र तयार करूनच दिले होते. ते दिले नाही तर कोर्ट वारसाला सायटेशन पाठवते. म्हणजे अमक्याने तमक्याचे मृत्युपत्र दाखल केले आहे, तुमचे काही म्हणणे असेल तर सांगा, अशी रीतसर सूचना. हरकत असेल तर वारसाने कॅव्हेट दाखल करायचे, आणि मग त्या साध्या अर्जाचा दावा होतो. "पण तुमची बहीणच आहे," वकीलबाई म्हणाल्या, "सही देतीलच." नानांनी मात्र एवढेच म्हटले, "कोर्टाचा कागद दारात जाण्याआधी भाऊ दारात गेलेला बरा."

त्या वर्षी भाऊबीज १ नोव्हेंबरला होती. मी डोंबिवलीला गेलो तो पिशवीत साडी, मिठाई आणि तळाशी ते प्रतिज्ञापत्र घेऊन. निघताना ही म्हणाली, "आजच्या दिवशी तो कागद नेऊ नका." मी म्हटले, "एक सही तर घ्यायची आहे." ताईने पाट मांडला, ओवाळले, बासुंदीची वाटी दोनदा भरली. मी पिशवीतून साडी काढली, मिठाई काढली आणि पिशवीची घडी घालून ती काखेत मारली. घडी घालताना आतला कागद करकर वाजला. ताईने "काय रे आहे त्यात?" असे विचारले आणि मी "विजेचं बिल" म्हणून सांगितले. साठ वर्षांचा माणूस ओवाळून घेतल्यावर अर्ध्या तासात बहिणीशी खोटे बोलला. का, ते मला त्या वेळी नीट उमगले नव्हते. पण मृत्युपत्रातली एक ओळ मी बरेच दिवस डोळ्यांनी वाचत होतो आणि मनाने चुकवत होतो.

सांगलीला जायचे ठरले दुसऱ्या आठवड्यात, आणि ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. माझ्या पाकिटात त्याच तेवढ्या होत्या. तिकीट आधी काढलेले, म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो खरा. पण सांगलीत नोटरीला द्यायला चालतील असे पैसे नाहीत. अखेर त्या वृद्ध गृहस्थांच्या सूनबाईंनी डाळीच्या डब्यातून शंभराच्या नोटा काढून दिल्या. सरकारला न सापडलेला पैसा कुठे असतो, ते मी त्या दिवशी पाहिले.

गृहस्थ खणखणीत होते. कानाला थोडे कमी, बाकी सारे जागच्या जागी. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत, म्हणून नोटरीने ते मराठीत समजावून सांगितले आणि तसे खाली लिहिले. सही करण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्राची प्रत डोळ्यांजवळ धरून वाचली. "आठवतं मला," ते म्हणाले. "रविवार होता. डॉक्टर घाईत होते. तुमच्या वडलांनी आमच्यासमोर सही केली, मग आम्ही केली. अगदी कायदेशीर." आणि सही झाल्यावर, चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तेव्हा विचारलं होतं त्यांना, की मुलीचं काय? ते म्हणाले, ती मागणार नाही."

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. ती ओळ अशी होती: 'माझ्या मुलीस लग्नात यथाशक्ती दिले असल्याने घरात तिचा हिस्सा ठेवलेला नाही.' तिला आईच्या पाटल्या आणि एक मुदतठेव. घर आणि बाकीचे मला. घर अण्णांच्या कमाईचे. अशा घराचे मृत्युपत्र माणूस कुणाच्याही नावाने करू शकतो. मृत्युपत्र नसते तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ताईचा अर्धा वाटा होता. म्हणजे तो एक कागद तिचा अर्धा वाटा काढून घेत होता, आणि त्याला तिची संमती आणायला मी निघालो होतो.

पुढच्या रविवारी दुपारी गेलो. भावोजी वर्तमानपत्र वाचत होते. माझा चेहरा बघून "जरा भाजी आणतो" म्हणून बाहेर पडले. मी प्रतिज्ञापत्र आणि मृत्युपत्राची प्रत दोन्ही ताईपुढे ठेवली. मृत्युपत्र तिने त्याआधी पाहिलेच नव्हते. तिला कुणी दाखवलेच नव्हते, आणि त्या 'कुणी'त मी आलो.

तिने सावकाश वाचले. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "लग्नात काय दिलं होतं रे मला? सांग बरं."

मला आठवत होते. एक कपाट, भांडी आणि आईच्या दोन बांगड्या.

"आणि सत्त्याहत्तर साली सोसायटीचे चार हजार कमी पडले होते, ते कुणी भरले?"

तेही आठवत होते. ताई तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. रात्रपाळ्या करायची. मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सोसायटीचा शेवटचा हप्ता भरायला चार हजार कमी पडले, ते तिने कचेरीच्या पतपेढीतून कर्ज काढून आणून दिले. ते फिटेपर्यंत तिचे लग्न दीड वर्ष लांबले. त्या दीड वर्षात पदवी मिळून मी नोकरीला लागलो होतो. पण पतपेढीचा एकही हप्ता मी भरला नाही; मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मी तिला सांगलीची हकीकत सांगितली. सांगावी की न सांगावी, हा विचार ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत केला होता. पण तिथे बसल्यावर सांगून टाकली. "अण्णा म्हणाले होते, ती मागणार नाही."

ताईने चष्मा काढला. "म्हणजे त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. एवढेच. आणि आत चहा टाकायला गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "कागद ठेवून जा. सांगते."

अकरा दिवस तिचा फोन आला नाही. एरवी ती दर दोन दिवसांनी फोन करणारी. ही रोज विचारायची आणि मी रोज "येईल" म्हणायचो. शेवटी मी नानांना सगळे सांगितले. नानांनी अडकित्ता खाली ठेवला. "समज, तिने कॅव्हेट घातलं," ते म्हणाले. "दावा होईल, साक्षी होतील, पाच-सात वर्षं जातील. आणि कायद्याने ती हरेल. अण्णांची सही खरी, डोकं ठिकाणावर, साक्षीदार हजर. हरेल ती. पण ते तुला बरं वाटेल का, हे मला विचारू नकोस. मी कारकून आहे."

बाराव्या दिवशी फोन आला. "सही देते. पण माझ्या कागदात एक वाक्य घालायचं. की या घरासाठी मी चार हजार दिले होते."

मी ते वाक्य घेऊन वकीलबाईंच्या पोटमाळ्यावर गेलो. बरोबर ताई आणि नानाही. वकीलबाईंनी शांतपणे समजावले, की असे वाक्य संमतीपत्रात घातले तर ती संमती आहे की हरकत, असा प्रश्न निघेल. शिवाय प्रोबेटचे कोर्ट घर कुणाचे आहे हे ठरवतच नाही. हे मृत्युपत्र खरे आहे का आणि शेवटचे आहे का, एवढेच ते पाहते. चार हजारांना तिथे जागा नाही.

"मृत्युपत्रातली ती ओळ तरी खोडता येईल?" ताईने विचारले.

"त्यातला काना-मात्रासुद्धा बदलता येत नाही," नाना म्हणाले.

"मग खरं कुठे लिहायचं?"

त्या प्रश्नाला पोटमाळ्यावर कुणाकडे उत्तर नव्हते. बाई बाहेरच्या पंख्याकडे बघत राहिल्या. मग नानांनी टेबलावरचा एक कोरा फुलस्केप कागद उचलून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तू लिही."

मी लिहिले. १९७७ साली या घरासाठी ताईने चार हजार रुपये कर्ज काढून भरले. अण्णांच्या मृत्युपत्रात त्याचा उल्लेख नाही. मला हे ठाऊक होते. प्रोबेट झाल्यावर मी तिला इतकी रक्कम देईन. 'इतकी'च्या जागी काय लिहावे म्हणून मी थांबलो, आणि बाहेर येऊन हिला फोन केला. हिने सांगितलेला आकडा माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा बराच मोठा होता. मी "अगं पण..." म्हणालो, तेव्हा ही म्हणाली, "चार हजारांचं व्याज मागू का पतपेढीच्या दराने?" मी आत जाऊन तोच आकडा लिहिला. ताईने खाली 'वाचले' असे लिहून सही केली आणि मग खालच्या नोटरीपुढे संमतीपत्रावर सही केली.

पुढची कथा लांबवत नाही. अर्ज दाखल झाला. कार्यालयाने काढलेल्या चार बारीकसारीक त्रुटी होत्या, त्यांतल्या तीन नानांनी आधीच सांगून ठेवल्या होत्या. मी अधूनमधून त्या जुन्या इमारतीत जाऊन बसत असे. १८७८ साली पुरे झालेले ते गॉथिक काम बघण्यासारखे आहे. एका खांबावर डोळा बांधलेले माकड न्यायाचा तराजू धरून बसले आहे. कोरणाऱ्याच्या मनात काय होते ते तोच जाणे. मृत्युपत्राचे इंग्रजी भाषांतरही तिथेच हाती आले. 'यथाशक्ती'चे इंग्रजी बरोबरच होते, पण मराठीत त्या शब्दाला जो थोडा ओशाळेपणा आहे तो त्यात उतरला नव्हता. २०१८ च्या सुरुवातीला प्रोबेट मिळाले. एक्झिक्युटरने त्यानंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टाला द्यायचा असतो, तोही दिला. ताईच्या कागदातला शब्दही पाळला. अण्णांचे हस्ताक्षर मात्र कोर्टातच राहिले. आमच्याकडे आहे ती प्रत.

आता तुम्हांपैकी कायदा जाणणारे म्हणतील, की अहो, ही सारी जुनी कहाणी झाली. ते खरे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ काढून टाकले आणि मुंबईकरांची ही सक्ती गेली. हवे त्याने प्रोबेट घ्यावे. नसेल तर अडत नाही. एकाच देशात पुण्याला एक नियम आणि दादरला दुसरा, हे दीडशे वर्षे चालले हेच आश्चर्य. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चारजणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, हीही सोय झाली. माझे पंचाहत्तर हजार वाचले असते, सांगलीची फेरी वाचली असती. नानांना ही बातमी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "चांगलं झालं. लोकांची वर्षं वाचली."

मलाही चांगलेच वाटले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक हिशेब मी करून पाहिला. ती सक्ती २०१६ साली नसती तर मी काय केले असते? सोसायटीला मृत्युपत्राची प्रत दिली असती, नाव लावून घेतले असते आणि ताईला पाटल्या व मुदतठेव पोचती केली असती. ती ओळ तिला मी दाखवली असती का? फार तर भाऊबिजेला साडी थोडी भारी घेतली असती. मला तिच्या दारात ढकलले ते त्या कंटाळवाण्या सायटेशनच्या भीतीने. आता भावांना कोण ढकलणार, ते मला माहीत नाही.

यंदा नवरात्रात मी स्वतःचे मृत्युपत्र लिहायला घेतले. साधा कागद, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, केली तर बरी. मुलगा आणि मुलगी दोघांना समोर बसवून कच्चा मसुदा वाचून दाखवला. मुलगा म्हणाला, "बाबा, हे आत्ताच कशाला?" मुलगी काही म्हणाली नाही. तिने कागद हातात घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला, अगदी ताईसारखे ओळीवर बोट ठेवून. मग म्हणाली, "आत्याच्या चार हजारांचं यात काहीच नाही." मी म्हटले, "ते तर फिटले." ती म्हणाली, "फिटले, पण लिहिलेले नाहीत." तेव्हा मसुद्यात ते एक कलम वाढले आहे. कायद्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य, असे वकीलबाई म्हणाल्या. त्यांचे केस आता पिकायला लागले आहेत.

साक्षीदार म्हणून सही करायला मी नानांकडे गेलो. नाना आता एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा पुसला, मसुदा दोनदा वाचला, एक वेलांटी सुधारली आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"माझी सही नको," ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर तो नवा मुलगा राहायला आलाय ना, त्याची घे. आणि त्याला सही नीट वाचता येईल अशी करायला सांग."